मुदत संपली, तरी घर रिकामे होत नाही

वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

घर भाड्याने दिल्यानंतर ते परत मिळण्यात येणाऱ्या अडचणींविषयी या सदराकडे सातत्याने पत्रे येतात. त्यांतील काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. पुण्यातील माझी सदनिका एका कुटुंबाला ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहण्यासाठी दिली होती. मुदत संपून चार महिने झाले. आधी मुलीची परीक्षा होऊ द्या म्हणाले, नंतर दुसरे घर पाहतो आहोत म्हणाले, आता फोनही उचलत नाहीत. दोन महिन्यांपासून पैसेही आलेले नाहीत. विचारायला गेलो, तर जिन्यातच आवाज चढवून ‘कोर्टात जा, दहा वर्षे लागतील’ असे सुनावले. ते बाहेरगावी गेले की कुलूप बदलून टाकू, असे माझा पुतण्या म्हणतो. सोसायटीचे सचिव पोलिसांत जा म्हणतात. मी काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर्वप्रथम पुतण्याला थांबवा. आपला संताप रास्त आहे आणि या वयात स्वतःच्याच दारात अपमान ऐकून घ्यावा लागणे किती जिव्हारी लागते, हे आपल्या पत्रातून कळते. परंतु कुलूप बदलले त्या क्षणी आज सर्वस्वी आपल्या बाजूने असलेले प्रकरण उलटेल. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे ज्याचा ताबा कायदेशीर मार्गाखेरीज काढून घेतला गेला, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घराचा मालक कोण हा प्रश्न महत्त्वाचा ठरत नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा काढला गेला, एवढेच पाहिले जाते. शिवाय घरातील सामान, दागिने, रोकड नाहीशी झाल्याची फिर्याद झाली, तर पुतण्यासह आपल्यालाही पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतील. वीज तोडणे, पाण्याचा कॉक बंद करणे, दारावर माणसे बसवणे हे सर्व त्याच जातीचे उपाय आहेत. त्यांतील एकाही वाटेला जाऊ नये.

सचिवांचा सल्ला अर्धा योग्य आहे. घर रिकामे करून देण्याचा अधिकार पोलिसांना नाही. ते हा दिवाणी वाद असल्याचे सांगतील आणि ते बरोबरच आहे. मात्र धमकी, शिवीगाळ किंवा अंगावर धावून येणे घडले असल्यास त्याची लेखी तक्रार जरूर द्यावी आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. अदखलपात्र नोंद झाली तरी तिचा पुढे उपयोग होतो, कारण कोणत्या दिवशी काय घडले याचा तो समकालीन लेखी पुरावा असतो.

आता आपल्या खऱ्या बळाकडे येऊ. आपला करार नोंदणीकृत आहे आणि घर राहण्यासाठी दिलेले आहे. अशा प्रकरणांसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये स्वतंत्र आणि जलद मार्ग आहे. कलम २४ प्रमाणे परवान्याची (म्हणजे लायसन्सची) मुदत संपताच घराचा ताबा परत मिळण्याचा हक्क घरमालकाला प्राप्त होतो. ताबा न मिळाल्यास दिवाणी न्यायालयात नव्हे, तर शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. करारात लिहिलेल्या गोष्टींबाबत लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे ‘तोंडी तीन वर्षांचे ठरले होते’ यासारख्या बचावाला तेथे फारसा वाव राहत नाही. मुदत संपल्यावरही जो राहत आहे, त्याच्यावर ताबा जाईपर्यंत करारातील शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी येते. करारात ज्याचे नाव नाही अशा भावाने, मेहुण्याने किंवा अन्य कोणी मध्येच उभे राहून हक्क सांगितला, तरी सक्षम प्राधिकाऱ्याने तो विचारात घ्यायचा नसतो. इतकी स्पष्ट तरतूद फार थोड्या कायद्यांत आढळते, आणि तरीही असंख्य घरमालक तिच्याविषयी अनभिज्ञ राहून वर्षानुवर्षे विनवण्या करत बसतात, याचे वाईट वाटते.

‘दहा वर्षे लागतील’ हे वाक्य जुन्या भाडेकरूंच्या दाव्यांवरून आले आहे. १९४७ चा मुंबई भाडे कायदा लागू असताना, १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता अशा परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. तेव्हापासून ‘एकदा घर दिले की माणूस भाडेकरू होऊन बसतो’ ही भीती महाराष्ट्रातील घरमालकांच्या मनात ठाण मांडून आहे. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि आपल्यासारख्या करारांना त्याची कलम २४ ची वाट मोकळी आहे. समोरची व्यक्ती त्या जुन्या भीतीच्या आधारावर बोलत आहे. कायदा तिच्या पाठीशी नाही.

या आठवड्यात वकिलामार्फत लेखी नोटीस पाठवा. नोटिशीत कराराची व त्याच्या नोंदणीची तारीख, दस्त क्रमांक, मुदत कधी संपली, किती शुल्क थकले आणि ताबा कोणत्या तारखेपर्यंत द्यावा, एवढेच असावे. आजवर काय काय ऐकून घेतले, किती उपकार केले, मुलीच्या परीक्षेसाठी कसे थांबलो, हे सर्व लिहिण्याचा मोह टाळा. नोटीस सदनिकेच्या पत्त्यावर पाठवा, तशीच करारात त्यांनी दिलेल्या कायमच्या पत्त्यावरही पाठवा, आणि पोस्टाची पावती व पोच एकाच फाइलमध्ये ठेवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्यासह परत आले, तर ते न उघडता तसेच ठेवावे. त्या शेऱ्यालाही पुराव्यात किंमत असते.

पैशांविषयी एक सावधगिरी सांगतो. नोटीस मिळाल्यावर अनेकजण अचानक एका महिन्याचे पैसे खात्यात जमा करतात आणि पुढे ‘मालकांनी भाडे स्वीकारले, म्हणजे करार वाढला’ असे सांगतात. रक्कम जमा झाल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे, की ही रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर मुदतीनंतरच्या वापराच्या नुकसानभरपाईपोटी आणि आपल्या हक्काला बाध न येता स्वीकारली आहे. हे दोन ओळींचे पत्र न लिहिल्यामुळे पुढे अनेक तारखा वाया जातात.

वीजजोडणी आपल्या नावावर असेल आणि बिल थकत असेल, तर ते आपण भरून टाकावे व ती रक्कम मागणीत मिळवावी. थकबाकीमुळे जोडणी तुटली, तर ‘मालकाने वीज तोडली’ असा आरोप होईल आणि पुन्हा जोडणी घेण्याचा खर्चही आपल्याच माथी येईल.

बोलणे पूर्ण बंद करू नये, मात्र जिन्यात, वाहनतळावर किंवा सोसायटीच्या सभेत बोलू नये. घरातील एकाच व्यक्तीने बोलावे आणि तेही शक्यतो लेखी संदेशाद्वारे. समोरून उद्धट उत्तर आले, तरी आपला संदेश असा असावा की तो उद्या प्राधिकाऱ्यासमोर मोठ्याने वाचला गेला तर आपल्याला मान खाली घालावी लागू नये. हे संदेश पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मोबाइल बदलू नका आणि संभाषण पुसू नका. प्रत्यक्ष जावेच लागले, तर एकटे जाऊ नये आणि तरुण पुतण्याला तर मुळीच नेऊ नये. शांत स्वभावाचा, त्या कुटुंबाशी वैर नसलेला एखादा वयस्क शेजारी बरोबर असावा.

अर्ज दाखल झाल्यावर समोरच्या व्यक्तीला समन्स जाते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांच्या आत तिने बचाव करण्याची परवानगी मागितली पाहिजे आणि त्यासाठी कारणांसह शपथपत्र दिले पाहिजे. तसे न केल्यास आपल्या अर्जातील कथन मान्य असल्याचे धरले जाते आणि ताब्याचा आदेश होतो. परवानगी मिळालीच, तर अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात कामाचा ताण असतो, तारखा पुढे जातात, हे मान्य करूनच तयारी ठेवावी. आदेशाविरुद्ध अपील नाही. ९० दिवसांच्या आत पुनरीक्षणाचा, म्हणजे आदेशाच्या फेरतपासणीचा, अर्ज मात्र करता येतो. आदेश अंतिम झाल्यानंतरही घर सोडले नाही, तर आवश्यक तेवढे बळ वापरून ताबा घेण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याला आहे. जे काम पुतण्याने केले असता गुन्हा ठरला असता, तेच काम तेव्हा अधिकारी कायद्याने करतील.

या काळात त्यांनी तडजोडीची तयारी दाखवली, तर ती झिडकारू नका. एक-दीड महिन्याची मुदत देऊन घर सुखरूप मिळत असेल, तर थकबाकीतील काही रक्कम सोडणेही शहाणपणाचे ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तडजोड शब्दावर ठेवू नये. दोघांच्या व दोन्ही वकिलांच्या सह्यांची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, प्रकरणात दाखल करावी, तीत घर सोडण्याची नेमकी तारीख असावी, आणि त्या तारखेस ताबा न दिल्यास आदेशाची लगेच अंमलबजावणी होईल असे लिहिलेले असावे.

प्रश्न : माझ्या पतीची नोकरी गेल्यामुळे आम्ही दोन महिने भाडे देऊ शकलो नाही. कराराची मुदत अजून तीन महिने आहे. मालकांनी गच्चीवरील टाकीतून आमच्याकडे येणारे पाणी बंद केले आहे आणि रविवारपर्यंत निघाला नाहीत तर सामान रस्त्यावर ठेवू, असे सांगितले आहे. घरात लहान मूल आहे. (एक भगिनी, ठाणे)

उत्तर : आपल्याला तसे बाहेर काढता येणार नाही. वरील उत्तरात मालकांना जे सांगितले, तेच येथे आपल्या बाजूने लागू आहे: भाडे थकले असले, तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय सामान बाहेर काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. पाणी, वीज, जिन्यातील दिवे, उद्‌वाहन, स्वच्छता यांसारख्या अत्यावश्यक सोयी घरमालकाने बंद करू नयेत, असे भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ सांगते आणि तसे करणे शिक्षापात्र आहे. ते कलम भाडेकरूंना उद्देशून आहे. परवान्यावर राहणाऱ्यांनी केवळ त्याच्यावर विसंबू नये. आपण दिवाणी न्यायालयाकडून तातडीचा मनाई हुकूम मागावा. जबरदस्तीने बाहेर काढले जाऊ नये आणि पाणी पूर्ववत व्हावे, अशा दोन्ही मागण्या त्यात एकत्र करता येतात. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करार, पावत्या आणि ओळखपत्र घेऊन आजच जा. सामान बाहेर काढण्याचा प्रयत्न झाल्यास ११२ वर फोन करा.

याबरोबरच थोडे कटू बोलावे लागेल. करार मुदतीआधी रद्द करता येतो का, हे त्यातील अटींवर अवलंबून असते आणि बहुतेक करारांत भाडे थकल्यास नोटीस देऊन तो संपवण्याची अट असते. मुदत संपल्यावर राहण्याचा हक्क आपल्याला नाही, आणि राहिलात तर दुप्पट दराने रक्कम अंगावर येईल. त्यामुळे मनाई हुकमाने मिळालेला वेळ दुसरी सोय पाहण्यासाठीच वापरावा. मालकांना आजच लेखी कळवा, की थकलेली रक्कम अनामतीतून वळती करून घ्यावी आणि आम्ही अमुक तारखेस घर सोडू. पैशांची अडचण असलेला माणूस लपू लागला, की मालकाचा संशय वाढतो आणि पाणी तोडण्यापर्यंत मजल जाते, असे पुष्कळ प्रकरणांत दिसते. मालकांचे वागणे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही. परंतु आपले लेखी, तारीखवार आश्वासन समोर आल्यावर अनेकदा तोच मालक निवळतो.

प्रश्न : करार ११ महिन्यांचाच असल्याने नोंदणीची गरज नाही, असे दलालाने सांगितले, म्हणून आम्ही शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घेतली. आता राहणारे गृहस्थ ‘माझ्याशी पाच वर्षांचे ठरले होते’ असे म्हणतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दलालाचे सांगणे चुकीचे होते. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, हा नोंदणी अधिनियमातील सर्वसाधारण नियम आहे. परंतु महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा आणि भाडेकराराचा प्रत्येक दस्त लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तिच्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर त्याविरुद्ध सिद्ध होत नाही. म्हणजेच ‘पाच वर्षांचे ठरले होते’ हे खोडून काढण्याचा भार आपल्यावर आला आहे.

दस्तावर सह्या होऊन चार महिने झाले नसतील, तर तो अजूनही दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी सादर करता येतो. त्यापुढे आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून सादर करण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी समोरच्या व्यक्तीचे सहकार्य लागते आणि आजच्या स्थितीत ते मिळणे कठीण दिसते. म्हणून पुरावा गोळा करण्याकडे लक्ष द्यावे. पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती, सोसायटीला दिलेले पत्र, दलालाशी झालेले संदेश, बँकेतील जमा रकमा आणि त्यांपुढचे शेरे यांतून ११ महिन्यांचाच व्यवहार असल्याचे दिसत असेल, तर ते सर्व एकत्र करून वकिलाला दाखवा. सक्षम प्राधिकाऱ्याकडे जावे की दिवाणी न्यायालयात, हा निर्णय ही कागदपत्रे पाहूनच होईल. दरम्यान, त्यांनी पुढे केलेल्या कोणत्याही नव्या कागदावर सही करू नका.

प्रश्न : आमच्या वाड्यातील जुन्या भाडेकरूने दोन वर्षांचे भाडे थकवले आहे. लिव्ह अँड लायसन्सची जलद पद्धत आम्हाला वापरता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. जुन्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्याविरुद्ध न्यायालयात दावाच करावा लागतो. थकबाकीसाठी लेखी नोटीस दिल्यानंतर ९० दिवस थांबणे बंधनकारक आहे. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर या कारणावरून त्याला काढता येत नाही. आपली खरी गरज थकलेले भाडे मिळण्याची असेल, तर ही तरतूद आपल्याही उपयोगाची आहे. घर स्वतःच्या वापरासाठी हवे असेल, तर तो स्वतंत्र मुद्दा आहे. त्यात आपली गरज खरी असणे आणि अधिक अडचण कोणाला होईल, या दोन्हींची तपासणी होते.

प्रश्न : ताब्याचा आदेश आमच्या बाजूने झाला. ते येत्या शनिवारी घर सोडतो म्हणतात, परंतु संबंध इतके बिघडले आहेत की त्या दिवशी पुन्हा भांडण होईल अशी भीती वाटते. (एक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : भीती स्वाभाविक आहे. निघून जाण्याच्या दिवशी रंग, खिळे, पंखा, फुटलेली फरशी यांवरून वाद उफाळतात, आणि महिनोन्महिने चाललेले प्रकरण शेवटच्या तासात पुन्हा पोलीस ठाण्यात जाते. म्हणून हिशेब शनिवारपूर्वीच लेखी मिटवा. अनामत किती, त्यातून थकबाकी, वीजबिल आणि दुरुस्तीपोटी किती वजा, हातात किती द्यायचे, याचा कागद दोन दिवस आधी त्यांच्याकडे पाठवा. एखाद्या छोट्या वजावटीवरून अडत असेल, तर ती सोडून द्या.

त्या दिवशी सकाळच्या वेळी, दोन तटस्थ साक्षीदारांसमोर ताबा घ्या. सामान पूर्ण निघाल्यावर प्रत्येक खोलीचे, नळांचे, विजेच्या मीटरवरील आकड्याचे छायाचित्र घ्यावे आणि मगच ताबापावतीवर सह्या कराव्यात. पावतीत तारीख, वेळ, मीटरचा आकडा, किती किल्ल्या मिळाल्या, घरात त्यांची कोणतीही वस्तू शिल्लक नाही आणि करारात नाव असलेल्या सर्वांनी ताबा सोडला आहे, हे लिहावे. करार पती-पत्नी दोघांच्या नावे असेल, तर सहीही दोघांची हवी. अनामतीची शिल्लक धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी आणि ती सही झाल्यावर लगेच, तेथेच द्यावी. ‘नंतर बघू’ म्हटले की भांडण तेथूनच सुरू होते. काही सामान मागे राहिलेच, तर ते फेकू नका किंवा विकू नका. साक्षीदारांसमोर त्याची यादी करा, छायाचित्रे काढा, अमुक दिवसांत घेऊन जाण्याविषयी लेखी कळवा, आणि तोवर ते एका खोलीत कुलपात ठेवा. त्यानंतर आदेशाची अंमलबजावणी पूर्ण झाल्याचे वकिलामार्फत सक्षम प्राधिकाऱ्याला कळवून प्रकरणात ताबापावतीची प्रत दाखल करावी, आणि मूळ पावती नोंदणीकृत करारासोबत ठेवावी.